झुडूप कुणाच्या नावाचे?

एका फळावर मतप्रदर्शनाचा लेख लिहायचा म्हटले की मित्रमंडळी हसतात. वार्षिक अंकात लिहायचे तर बेकारीवर लिहावे, परीक्षापद्धतीवर लिहावे, नाहीच काही सुचले तर ‘आजचा तरुण’ आहेच; ब्ल्यूबेरीवर काय लिहायचे? ती आपल्या ताटातली नव्हे, आपल्या मातीतली नव्हे, आणि शहरातल्या मोठ्या दुकानात प्लॅस्टिकच्या डबीत सव्वाशे ग्रॅम मिळते तिचा भाव पाहून पुढे केलेला हात आपोआप मागे येतो. हे सारे मान्य. तरीही तुलनात्मक लाभाचा सिद्धांत शिकताना पोर्तुगालची दारू आणि इंग्लंडचे कापड हे जे उदाहरण रिकार्डोपासून आपण सारे घोकत आलो आहोत, त्याच्या जागी एकदा हे फळ ठेवून पाहावे असे मला वाटते. कारण दारू आणि कापडाच्या उदाहरणात एक प्रश्न कधी येतच नाही. द्राक्षाचा तो वेल मुळात कुणी हेरला, आणि हेरणाऱ्याला त्याबद्दल काय मिळाले? ब्ल्यूबेरीच्या बाबतीत हा प्रश्न टाळता येत नाही. गहू, तांदूळ, आंबा कुणी माणसाळवले हे हजारो वर्षांच्या अंधारात गडप झाले आहे. हे फळ मात्र रानातून शेतात आले ते शंभराहून थोड्याच अधिक वर्षांपूर्वी, आणि ते कुणी आणले याची नावनिशीवार नोंद शिल्लक आहे.

नोंद शिल्लक आहे म्हणजे ती पूर्ण आहे असे मात्र नव्हे. तिची पहिली पाने कोरीच आहेत.

उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातली, आम्लयुक्त वाळूची, पाणथळीच्या कडेची किंवा उघड्या माळाची जमीन हे या झुडपांचे घर. एक जात उंच, माणसाच्या डोक्याच्याही वर जाणारी. दुसरी ठेंगणी, घोट्या-गुडघ्यापर्यंतची, मेन राज्यात आणि कॅनडाच्या पूर्व भागात मैलोगणती पसरलेली. युरोपियन माणूस तिथे पोचण्यापूर्वी शेकडो पिढ्या तिथले मूळ रहिवासी हे फळ खात होते, वाळवून हिवाळ्यासाठी ठेवत होते, वाळलेल्या मांसात कुटून मिसळत होते. फ्रेंच प्रवासी शांप्लेन याने १६१५ साली ह्यूरन सरोवराच्या वाटेवर लोकांना थंडीची बेगमी म्हणून ही फळे वाळवताना पाहिले आणि तसे लिहून ठेवले. देठाच्या विरुद्ध टोकाला फळावर पाच टोकांचा एक मुकुट असतो. त्यावरून काही जमाती याला ताऱ्याचे फळ म्हणत. महत्त्वाची गोष्ट ही की हे लोक नुसते वेचून खाणारे नव्हते. ठेंगण्या झुडपांचे माळ ते ठरावीक काळाने जाळत. जुनी काटकी जळून गेली की जमिनीखालच्या खोडातून नवे धुमारे फुटतात आणि पुढच्या हंगामात फळ भरघोस येते. मेनमधले बागायतदार आजही दोन वर्षांच्या याच चक्राने पीक घेतात. जाळण्याऐवजी बरेच जण यंत्राने कापतात एवढाच फरक. हे शेतीशास्त्र नव्हे तर दुसरे काय? पण कोणत्याही पाठ्यपुस्तकात या शास्त्राच्या जनकाचे नाव नाही, कारण ते विचारायचे कुणाला सुचले नाही.

नावे सुरू होतात ती १९०६ पासून. फ्रेडरिक कॉव्हिल हे अमेरिकेच्या शेतकी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ. ब्ल्यूबेरी बागेत का रुजत नाही या कोड्याच्या ते मागे लागले. लोक रानातले झुडूप उपटून आणत, चांगली काळी माती, शेणखत, चुना घालून मायेने लावत, आणि ते वाळून जाई. कॉव्हिल यांनी दाखवून दिले की ही माया हेच त्याच्या मरणाचे कारण आहे. या झुडपाला सकस जमीन सोसत नाही. त्याला आंबट, निकस, ओलसर माती लागते, त्याच्या मुळांशी एक बुरशी नांदते, त्याला हिवाळ्याची दीर्घ थंडी लागते, आणि स्वतःच्याच परागांवर त्याला नीट फळ धरत नाही, शेजारी दुसरे वेगळे झुडूप लागते. हे निष्कर्ष १९१० साली सरकारी पत्रिकेत छापले गेले. कोणीही मागवावी आणि वाचावी अशी ती पत्रिका होती. न्यू हॅम्पशरमध्ये शेजारच्या कुरणात त्यांना जे पहिले चांगले उंच झुडूप सापडले त्याला त्यांनी कुरणाच्या मालकाचे, ब्रुक्स याचे नाव दिले, हेही येथेच नोंदवून ठेवतो.

ती पत्रिका न्यू जर्सीत एलिझाबेथ व्हाइट यांच्या हाती पडली. वडील क्रॅनबेरीचे मोठे बागायतदार. ‘व्हाइट्सबॉग’ नावाची त्यांची वाडी पाइन बॅरन्स या वालुकामय, पाइनच्या झाडांनी भरलेल्या प्रदेशात होती. या प्रदेशाच्या नावातला ‘बॅरन’ हा शब्दच वांझपणाचा. थोरल्या मुलीने वडिलांच्या वाडीचा कारभार अंगावर घ्यावा हे त्या काळी तिथेही जगावेगळेच होते. बाईंनी १९११ च्या आरंभी कॉव्हिल यांना कळवले : जमीन आमची, मजुरी आमची, प्रयोग तुमचा. आणि यापुढे बाईंनी जे केले त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला.

कॉव्हिल यांना संकरासाठी उत्तम रानटी झुडपे हवी होती. ती कोणाला ठाऊक? विद्यापीठाला नाही, शेतकी खात्याला नाही. ती ठाऊक होती त्या रानात राहणाऱ्या, लाकूड तोडणाऱ्या, शेवाळ आणि फळे गोळा करून विकणाऱ्या गोरगरिबांना. ज्यांना शहरातले लोक तुच्छतेने ‘पायनी’ म्हणत. व्हाइटबाईंनी त्यांना छापील सूचना, नमुन्याच्या बाटल्या, चिठ्ठ्या आणि एक मापपट्टी दिली. पट्टीला पाच अष्टमांश इंचाचे भोक होते. ज्या झुडपाचे फळ त्या भोकातून पडत नाही, ते झुडूप दाखवणाऱ्यास मोबदला. झुडपापाशी वाट दाखवत नेण्याच्या वेळेचे पैसे निराळे. शंभरावर झुडपे अशी मिळाली, आणि प्रत्येकाला ते शोधणाऱ्याचे नाव दिले गेले. हार्डिंग, ग्रोव्हर, सूय, सॅम, अ‍ॅडम्स, डन्फी ही सारी माणसे होती. रूब लीक नावाच्या रानकऱ्याने दाखवलेले झुडूप सर्वांत सरस निघाले. ‘रूब’ म्हणजे इंग्रजीत गावंढळ; फळाला असे नाव शोभत नाही असे लोक म्हणू लागले तेव्हा आडनावातले ‘ल’ हे पहिले अक्षर जोडून ‘रूबेल’ केले. हे झुडूप आजही लावले जाते. त्याच्याच रक्ताचे अनेक नामांकित संकरित वाण पुढे जगभर गेले. १९१६ साली लागवडीच्या ब्ल्यूबेरीची पहिली विक्री झाली ती या कष्टातून.

या गोष्टीचा मोठेपणा कळायला त्या वर्षांत न्यू जर्सीत आणखी काय चालले होते ते पाहावे लागते. १९१२ साली हेन्री गॉडर्ड या मानसशास्त्रज्ञाचे ‘कॅलिकाक’ कुटुंबावरचे पुस्तक निघाले. बुद्धिमांद्य रक्तातूनच येते हे सिद्ध केल्याचा त्यात दावा होता. त्याच्याच संस्थेतल्या एलिझाबेथ काइट यांनी १९१३ मध्ये पायनी लोकांवर अहवाल लिहिला आणि त्यांना आळशी, व्यसनी, अनीतिमान, मंदबुद्धी ठरवले. राज्याचे गव्हर्नर स्वतः जाऊन आले आणि या लोकांना समाजापासून अलग ठेवले पाहिजे असे म्हणाले. आज या ‘शास्त्रा’ची शास्त्रात किंमत शून्य आहे. पण त्या वेळी ते छापील, पदवीधर, प्रतिष्ठित शास्त्र होते; आणि ज्यांना ते मंदबुद्धी म्हणत होते तीच माणसे त्याच वर्षी, त्याच रानात, हजारो झुडपांतून नेमके हजारात एक झुडूप ओळखून एका नव्या पिकाचा पाया घालत होती. व्हाइटबाईंनी पायनींची बाजू जाहीरपणे घेतली. त्यांना हे लोक कसे आहेत ते ठाऊक होते.

आता बाईंची आरती ओवाळून मोकळे होता येईल, पण तसे करणे खरेपणाला धरून होणार नाही. त्याच व्हाइट्सबॉगमध्ये १९१० च्या सप्टेंबरात लुइस हाइन या छायाचित्रकाराने बालमजुरांची चित्रे टिपली होती. फिलाडेल्फियाहून आणलेल्या इटालियन कुटुंबांतली ही पोरे. शाळा सुरू झाली तरी क्रॅनबेरीच्या वाफ्यात वाकलेली. बालमजुरीविरोधी समितीने त्यावरून आवाज उठवला, तेव्हा हीच बाई मालकाच्या बाजूने उत्तरे देत होती. रानातल्या शोधकाचे नाव झुडपाला देणारी नजर वेचणाऱ्या पोरांपाशी येऊन अडली. शिवाय रूब लीकला मिळाले ते काही डॉलर, एकदाच. ‘रूबेल’ने पुढे किती धन मिळवले याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आणि ज्या लेनापे लोकांच्या भूमीत हे सारे घडले त्यांच्या वाट्याला झुडूपही नाही आणि नावही नाही.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच : व्हाइटबाईंचे माप हे काही फार थोर माप नव्हे. ते किमान माप आहे. ज्याने झुडूप दाखवले त्याला काहीतरी द्यावे आणि त्याचे नाव राहू द्यावे, इतकेच. पण या किमान मापाच्या भोकातून आजचा ब्ल्यूबेरीचा जागतिक व्यापार घातला तर तो खाली पडतो.

पहिल्या संकरित वाणांपैकी पायोनिअर, कॅबट आणि कॅथरीन हे तीन १९२० साली बाहेर आले. अमेरिकेत वनस्पतींच्या पेटंटचा कायदा झाला तो १९३० साली. म्हणजे पहिल्या वाणांवर कुणाची मालकी नव्हती. पुढेही बराच काळ हे संशोधन सरकारी पैशाने, सरकारी केंद्रांत व विद्यापीठांत झाले. उत्तरेकडच्या जातींना आठशे-हजार तासांची थंडी हवी. त्यामुळे पीक थंड मुलखातच अडकून होते. फ्लॉरिडा विद्यापीठात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून राल्फ शार्प यांनी तिथल्या रानातल्या सदाहरित, ठेंगण्या जातीशी उंच जातीचा संकर केला आणि १९७० च्या दशकात अल्प थंडीवर फळणारे वाण दिले. ही एक घटना नसती तर मोरोक्को, मेक्सिको, पेरू, दक्षिण आफ्रिका यांची नावे या व्यापारात आलीच नसती. शार्प यांचे नाव ‘शार्पब्ल्यू’ या वाणात राहिले आहे, हे बरे झाले.

यानंतर येते पेरू. आपल्याकडे पेरू म्हणजे फळ. इथे मात्र देश हाच पेरू आणि फळ निराळे, असा विनोद वर्गात झालाच आहे, तो पुन्हा करीत नाही. पेरूचा उत्तर किनारा म्हणजे वाळवंट. पाऊस जवळजवळ नाहीच. थंडी नाही. आंबट माती नाही. कॉव्हिल यांनी सांगितलेल्या चार अटींपैकी एकही तिथे निसर्गतः पुरी होत नाही. तरी २०१० नंतर अवघ्या दहाएक वर्षांत हा देश चिलीला मागे टाकून ताज्या ब्ल्यूबेरीचा जगातला पहिल्या क्रमांकाचा निर्यातदार झाला. २०२४ साली ही निर्यात दोन अब्ज डॉलरच्या वर गेली. हे झाले कसे? आन्देस पर्वतातले पाणी कालव्यांनी आणि बोगद्यांनी वाळवंटात उतरवले. ला लिबेर्ताद प्रांतात ‘चाविमोचिक’ हा प्रकल्प आहे. चाओ, विरू, मोचे आणि चिकामा या चार खोऱ्यांची आद्याक्षरे जोडून केलेले हे नाव. त्याचे पाणी सांता नदीचे, आणि सांता नदी बर्फाच्छादित कोर्दियेरा ब्लांका रांगेतून येते. तिथल्या हिमनद्या आक्रसत चालल्या आहेत. लांबायेके प्रांतातल्या ओल्मोस प्रकल्पाचा बोगदा तर पर्वताच्या पोटातून सुमारे वीस किलोमीटर जातो. माती नसेल तर पिशवीत किंवा कुंडीत नारळाच्या काथ्याचा भुसा, म्हणजे ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात तो, भरायचा आणि त्यातून नळीने थेंब थेंब आंबवलेले पाणी व खत द्यायचे. हा भुसा जगाला पुरवणारे मुख्य देश भारत आणि श्रीलंका. म्हणजे आपण या व्यापारात आधीच आहोत. फक्त फळात नाही, भुशात आहोत.

थंडीच नसल्याने झुडूप कधी फळणार हे ऋतू ठरवत नाही, छाटणी ठरवते. छाटणीने फळाची वेळ साधणे म्हणजे काय हे नाशिककडच्या वाचकाला सांगायला नको. उत्तर गोलार्धाचा हंगाम संपतो आणि चिलीचा सुरू व्हायचा असतो त्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पोकळीत भाव सर्वांत चढा. नेमक्या त्या वेळी पेरूचे फळ शून्य अंशाजवळच्या थंड पेट्यांतून बोटीने निघते. नोव्हेंबर २०२४ मध्ये लिमाजवळ चांकाय येथे चिनी भांडवलाचे मोठे बंदर उघडले आणि शांघायचा प्रवास सुमारे तेवीस दिवसांवर आला. गंमत अशी की चीन स्वतः आज जगात सर्वांत अधिक ब्ल्यूबेरी पिकवतो, तरी त्याला ती पुरत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी कोणते झुडूप होते? ‘बिलॉक्सी’. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या मिसिसिपीतल्या केंद्राने १९९८ साली प्रसिद्ध केलेला वाण. त्यावर पेटंट नव्हते. कुणीही काडी लावावी. पेरूची भरभराट सुरू झाली ती या फुकट मिळालेल्या वाणावर. म्हणजे पायनींची नजर, कॉव्हिल यांची पत्रिका, शार्प यांचा संकर आणि अमेरिकन करदात्याचा पैसा या साऱ्यांच्या खुल्या ठेव्यावर. पुढे अमेरिकेतल्या, विशेषतः जॉर्जिया-फ्लॉरिडातल्या बागायतदारांनी आयातीमुळे आपण बुडालो अशी तक्रार केली. १९७४ च्या व्यापार कायद्याखाली चौकशी झाली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिथल्या व्यापार आयोगाच्या पाचही सदस्यांनी एकमताने निर्णय दिला की आयात हे गंभीर हानीचे कारण ठरत नाही. निर्णय योग्य होता असे माझे मत आहे. वर्षाचे बाराही महिने दुकानात फळ दिसू लागले म्हणून ते रोजच्या खाण्यात आले, आणि त्यामुळे अमेरिकन बागायतदाराच्या मालालाही गिऱ्हाईक वाढले. ही वाढ घ्यायची आणि परक्याला दार लावायचे, हे न्यायाचे नाही.

पण पेरूत तो पैसा कुणाच्या हाती गेला? ताज्या विक्रीचे फळ हातानेच तोडावे लागते, कारण त्यावरचा पांढुरका थर पुसला गेला की ते जुने दिसते. हे काम करायला डोंगराळ भागातून माणसे उतरतात, त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने. २००० सालच्या कृषी-प्रोत्साहन कायद्याने निर्यातदार कंपन्यांना करात आणि मजुरांच्या आरोग्यविम्याच्या वर्गणीत सवलत दिली होती. डिसेंबर २०२० च्या सुमारास मजूर रस्त्यावर आले. दक्षिणेत इका येथे आणि उत्तरेत विरू भागात त्यांनी पॅन-अमेरिकन महामार्ग अडवला. रोजगार तेव्हा ३९ सोलच्या आसपास होता. पोलिसांशी झालेल्या संघर्षात जीव गेले. संसदेने तो कायदा काही दिवसांत रद्द केला आणि वर्षअखेर दुसरा आणला. वीस वर्षे जो कायदा हलला नाही तो एका आठवड्यात हलला, यावरून तो अर्थशास्त्राच्या कोणत्या नियमावर उभा होता याचा अंदाज यावा. वाळवंटात रोजगार उभा राहिला हे मी नाकारत नाही. गावातून आलेल्या बाईच्या हातात तिचा स्वतःचा पगार आला, ही लहान गोष्ट नव्हे. मात्र ‘रोजगार दिला’ एवढ्यावर हिशेब मिटत असेल तर व्हाइट्सबॉगच्या वाफ्यातल्या पोरांनाही रोजगारच दिला होता.

मेन राज्यात याहून निराळे एक पान आहे, ते सांगायला हवे. पासामाक्वोडी ही तिथली मूळ जमात. १९८० साली जमिनीच्या हक्काचा जुना खटला तडजोडीने मिटला; भरपाईच्या पैशातून जमातीने ठेंगण्या ब्ल्यूबेरीचे माळ आणि त्यावरची कंपनी विकत घेतली. ज्यांच्या पूर्वजांनी ते माळ जाळून राखले, त्यांचेच वंशज आज त्याचे मालक म्हणून फळ विकतात. स्वतःचीच जमीन विकत घ्यावी लागली हे खरे, पण घेतली.

खाणाऱ्याकडूनही थोडा हिशेब घेऊ. मागणी एवढी वाढली ती चवीने की प्रचाराने? १९९० च्या दशकात बॉस्टनच्या सरकारी पोषण केंद्रात फळांची ऑक्सिडीकरण रोखण्याची शक्ती मोजली गेली आणि ब्ल्यूबेरी वरच्या क्रमांकात आली. म्हाताऱ्या उंदरांवर प्रयोग झाला, १९९९ साली प्रसिद्ध झाला. लगोलग हे फळ स्मरणशक्तीचे, तारुण्याचे, सर्वरोगनिवारक झाले. २०१२ साली अमेरिकेच्या शेतकी खात्याने आकड्यांचा तो तक्ताच मागे घेतला. परीक्षानळीतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या प्रकृतीशी संबंध सिद्ध होत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असे कारण दिले. तक्ता गेला, जाहिरात राहिली. फळ चांगले आहे, जरूर खावे. पण जांभूळ खाऊन वाढलेल्या माणसाने त्यासाठी कर्ज काढू नये.

आता आपल्या दारातली गोष्ट. सप्टेंबर २०२३ मध्ये अमेरिकेबरोबरचे व्यापारी तंटे मिटवताना भारताने ब्ल्यूबेरीवरचे आयातशुल्क ३० टक्क्यांवरून बरेच खाली आणायचे कबूल केले. तेव्हा आयात वाढणार. आपल्या राज्यातही महाबळेश्वरच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये लागवडीचे प्रयोग झाले आहेत. हौसेने करणाऱ्यांनी ते करावेत. मात्र एक गोष्ट डोळ्यांआड करू नये. ‘बिलॉक्सी’चा काळ सरला. आज बाजार मागतो ते टणक, टपोरे, दूरच्या प्रवासात टिकणारे नवे वाण. आणि ते खाजगी मालकीचे आहेत. रोप विकत मिळत नाही, परवाना मिळतो. किती रोपे, कुठे लावायची, कित्येकदा माल कुणामार्फत विकायचा, हेही त्यात लिहिलेले असते. काडी छाटून शेजाऱ्याला दिली तर गुन्हा. एके काळी रानातल्या माणसाने दाखवलेल्या झुडपाची काडी आता त्याच्या नातवाला परवान्याशिवाय लावता येत नाही, अशी ही उलटापालट आहे. पेरूने २०११ साली वाणांच्या संरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात, ज्याला ‘युपोव्ह’ म्हणतात त्यात, प्रवेश केला. पैदासकाराचा हक्क त्यात पक्का आहे. मूळ झुडूप दाखवणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही.

भारत त्या कराराचा सदस्य नाही. आपण २००१ साली स्वतःचा कायदा केला आणि त्याच्या नावातच शेतकऱ्यांचे हक्क घातले. शेतकऱ्याने बियाणे राखावे, पेरावे, देवघेव करावी याला त्यात मुभा आहे. आणि एखाद्या नव्या वाणात कुण्या गावाने, कुण्या जमातीने जपलेला मूळ वाण वापरला असेल तर त्यांना लाभातला वाटा मागता येतो, त्यासाठी निराळा निधीही आहे. कागदावर तरी व्हाइटबाईंच्या मापाच्या पुढे आपण गेलो आहोत. व्यापार-वाटाघाटींत परदेशांकडून या कायद्याऐवजी युपोव्ह स्वीकारा असा आग्रह होत असतो. फळावरचे शुल्क कमी केले तर मला फारसे वाईट वाटणार नाही. पण त्या कायद्यातले हे कलम सैल केले तर वाटेल. आपल्या विद्यार्थी संघटनांनी मोर्चा काढायचा तर असल्या विषयावर काढावा, असे सुचवून ठेवतो.

आणखी एक. ब्ल्यूबेरीच्याच प्रजातीची, वनस्पतिशास्त्रात ‘व्हॅक्सिनियम’ म्हणतात त्या गटाची झाडे आपल्या देशातही आहेत : निलगिरी आणि पळणीच्या शोला अरण्यात, आणि ईशान्येच्या डोंगरांत. ती बारीक फळाची आहेत, बाजाराला नकोशी आहेत. पण फ्लॉरिडातली ती ठेंगणी सदाहरित जातही शार्प यांनी हात लावीपर्यंत बाजाराला नकोशीच होती. उद्या कुणी या झाडांतला उष्णता सोसण्याचा गुण उचलून नवा वाण काढील आणि त्याच्यावर आपला शिक्का मारील. त्याआधी त्या डोंगरांतल्या कोणत्या वस्तीतले लोक कोणते झाड कोणत्या नावाने ओळखतात, कधी खातात, कशाला वापरतात, याची गावाच्या आणि माणसांच्या नावांसकट नोंद आपल्या कृषी विद्यापीठांनी आणि वनस्पतिशास्त्र विभागांनी करून ठेवावी. आमच्या महाविद्यालयातून दरवर्षी एक सहल उटीला जाते. बागेतल्या गुलाबांपुढे उभे राहून छायाचित्रे काढून झाल्यावर एक दिवस उरतोच.